विहीणबाईंची भाषा

व्यापारी घराण्यांत परभाषा शिकण्याची रीत जुनी आहे. मात्र त्यासाठी कोणी अभ्यासक्रम विकत घेतल्याचे फारसे ऐकिवात नाही. सांगली-कोल्हापूरकडच्या पेढीवर घरच्यांशी मराठी, सीमेपलीकडच्या शेतकऱ्याशी कन्नड, मुंबईच्या दलालाशी गुजराती आणि उत्तरेकडच्या खरेदीदाराशी हिंदी, असा चार भाषांचा व्यवहार एकाच गादीवरून चाले. या भाषा गिऱ्हाइकानेच शिकवलेल्या असत. शब्द चुकला तर समोरचा हसे, पण तेवढ्याने सौदा मोडत नसे. गरज रोज दारात उभी असल्यामुळे अभ्यासही रोज होई आणि त्याला कोणी अभ्यास म्हणत नसे.

आता नातीगोती व्यापाराच्याही पुढे गेली आहेत. मुलगी जर्मनीत, मुलगा जपानात, भाचा दक्षिण अमेरिकेत अशी घरे प्रत्येक गावात आहेत. तिकडून घरात येणारी भाषा बाजारात कोणी बोलत नाही. ती शिकवायला गिऱ्हाईक येत नाही आणि जवळपास वर्गही नसतो. मग घरबसल्या, आपले आपण शिकणे एवढाच मार्ग उरतो. त्या मार्गावर आज साधनांची वाण नाही, उलट ती इतकी आहेत की निवड करण्यातच उमेद खर्ची पडते.

सांगलीतील हळदीच्या अडतीच्या एका घरात ही निवड कशी झाली, ते सांगण्याजोगे आहे.

या घरातला थोरला मुलगा दुकान पाहतो. धाकटा सहा वर्षांपूर्वी संगणकाच्या नोकरीनिमित्त मेक्सिकोतील ग्वादालाहारा शहरी गेला आणि तेथल्याच एका मुलीशी त्याने लग्न केले. घरात तेव्हा काही महिने अबोला होता. नात झाल्यावर तो सुटला, तरी मनातली गाठ पुरती सैल झाली असे म्हणता येत नव्हते. दर रविवारी सकाळी ७ वाजता फोन होई; सांगलीची ती सकाळ म्हणजे ग्वादालाहाराची आदल्या दिवशीची संध्याकाळ, साडेसातची. पडद्यावर मुलगा, सून, तीन वर्षांची नात आणि शेजारी सुनेची आई दिसे. विहीणबाईंना स्पॅनिशवाचून दुसरी भाषा येत नाही. त्या हात जोडत, घरातल्या अक्काही हात जोडत. मग विहीणबाई दोन-दोन मिनिटे बोलत आणि मुलगा त्याचे एका वाक्यात मराठी करी : “आई, त्या म्हणतात, सगळं छान आहे.”

दोन मिनिटांच्या बोलण्यात एवढेच असणार नाही, हे अक्कांना समजत होते. मुलाचाही दोष नव्हता. दोन्हीकडचे बोलणे उचलून ठेवताना दुभाष्या दमतो आणि बोजा हलका करतो. पण त्याने खाली ठेवलेला माल कोणता, हे दोन्ही आयांना कधीच कळत नव्हते.

दिवाळीनंतर ही सारी मंडळी महिनाभरासाठी सांगलीला येणार, असे ठरले तेव्हा आठ महिने हाती होते. मुलगा आणि सून तिकडच्या वेळेप्रमाणे रात्री काम करणार आणि दिवसा झोपणार. म्हणजे सबंध दिवस घरात दोन विहिणी आणि एक नात. अक्कांनी जेवणाच्या ताटावर सांगून टाकले, “मला त्यांची भाषा शिकायची आहे.”

“अगं, या वयात?” अण्णांनी विचारले.

“अहो, तुम्ही साठी उलटल्यावर जीएसटीचा हिशेब संगणकावर शिकलात. माझं वय ६३ आहे, एवढंच.”

थोरल्याचा मुलगा अभियांत्रिकीला आहे. त्याने दोन दिवसांत आजीसाठी यादी केली. ती वाचण्यासारखी होती, कारण प्रत्येक अभ्यासक्रमामागे भाषा कशी येते याविषयीचा एक वेगळा विचार उभा होता.

यादीत सर्वांत जुने घराणे लिंग्वाफोनचे. १९०१ मध्ये लंडनात सुरू झालेल्या या संस्थेने ध्वनिमुद्रण आणि पुस्तक यांची जोड घालून घरी भाषा शिकण्याची कल्पना रुजवली. त्यानंतर १९२९ मध्ये फ्रान्समध्ये निघालेली असिमिल ही पुस्तकमाला. तिच्यात रोज एक छोटा संवाद ऐकायचा आणि वाचायचा, पाठांतर करायचे नाही. पन्नासाव्या धड्यापाशी पोचल्यावर रोजच्या नव्या धड्याबरोबर पहिल्यापासूनचा एकेक धडा पुन्हा घ्यायचा, पण या वेळी आपल्या भाषेतून परभाषेत स्वतः करायचा. आधी कान, मग तोंड, असा हा क्रम.

अमेरिकेने १९४७ मध्ये आपल्या राजनैतिक अधिकाऱ्यांसाठी परराष्ट्र सेवा संस्था स्थापन केली. तिचा जुना स्पॅनिश अभ्यासक्रम सरकारी असल्याने आज कोणालाही फुकट उपलब्ध आहे. त्याचे ५५ पाठ आहेत आणि भर कवायतीवर आहे. एकच वाक्य घ्यायचे आणि कर्ता, काळ, वचन बदलत ते वीस-वीस वेळा म्हणायचे. जुन्या शाळेतल्या पाढ्यांची आठवण व्हावी असे हे काम. भक्कम खरे, पण कोरडे.

पॉल पिम्सलर या अमेरिकन भाषातज्ज्ञाने १९६७ मध्ये स्मरणाचे वेळापत्रक मांडले. नवा शब्द ५ सेकंदांनी, मग २५ सेकंदांनी, २ मिनिटांनी, १० मिनिटांनी, तासाने, ५ तासांनी, दिवसाने, ५ दिवसांनी, २५ दिवसांनी, असा वाढत्या अंतराने पुन्हा विचारावा, म्हणजे तो विसरण्याच्या बेतात असतानाच परत वर येतो. त्याच्या नावाचा अभ्यासक्रम मुख्यतः कानाने चालतो. धडा अर्ध्या तासाचा, ३० धड्यांचा एक टप्पा, स्पॅनिशचे टप्पे पाच. मिशेल थॉमस या पोलंडमध्ये जन्मलेल्या शिक्षकाची तऱ्हा याहून निराळी. ध्वनिमुद्रणात तो दोन विद्यार्थ्यांना शिकवतो आणि ऐकणारा तिसरा विद्यार्थी होतो. पाठांतर आणि गृहपाठ यांना तेथे मनाई आहे. लँग्वेज ट्रान्सफर हा ९० पाठांचा मोफत श्राव्य अभ्यासक्रमही शिकणाऱ्याला प्रश्न विचारत, विचार करायला लावत पुढे नेतो. १९९२ मध्ये निघालेली ‘देस्तिनोस’ ही ५२ भागांची दूरचित्रवाणी मालिका गोष्टीतून स्पॅनिश शिकवते. आणि शेवटी मोबाइलवरची ॲप्स. त्यांपैकी सर्वांना ठाऊक असलेले ड्युओलिंगो २०१२ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. त्याच्या दोन संस्थापकांपैकी लुईस फॉन आन हे स्पॅनिशभाषक ग्वाटेमालाचे.

यादी वाचून अक्कांनी विचारले, “यातलं सर्वांत चांगलं कोणतं?” नातवाने तीन जाणकारांची तीन मते वाचून दाखवली. तिन्ही वेगळी होती.

येथे अण्णांनी तोंड उघडले. ४० वर्षे हळदीच्या सौद्यात घालवलेल्या माणसाला सर्वांत चांगली हळद कोणती, या प्रश्नाला उत्तर नसते हे पक्के ठाऊक असते. मसाल्याला एक माल चालतो, औषधाला दुसरा, रंगाला तिसरा. ते म्हणाले, “आधी माल कशासाठी हवा ते लिही. मग वानगी माग. वानगी पाहिल्याशिवाय पोत्याला हात लावू नये.”

अक्कांनी एक वही घेऊन पहिल्या पानावर लिहिले : विहीणबाईंशी आणि नातीशी बोलणे. परीक्षा द्यायची नाही, कादंबरी वाचायची नाही, पत्र लिहायचे नाही. या एका ओळीने अर्धी यादी गळाली. स्पॅनिश सरकारच्या सेर्वांतेस संस्थेची परीक्षा ज्याला द्यायची आहे, त्याला लेखन आणि व्याकरण यांवाचून गत्यंतर नाही. निर्यातीचा पत्रव्यवहार सांभाळणाऱ्याला वाचन आधी हवे. अक्कांना कान आणि तोंड हवे होते.

दुसरा प्रश्न, कोणती स्पॅनिश? ही भाषा सुमारे वीस देशांची राजभाषा आहे आणि प्रत्येक देशाने तिला आपले वळण दिले आहे. स्पेनमध्ये अनेकजणांना एकदम संबोधताना क्रियापदाचे एक खास रूप वापरतात. मेक्सिकोत ते बोलण्यात येतच नाही. स्पेनच्या बहुतेक भागांत काही अक्षरांचा उच्चार थ-कारासारखा होतो, मेक्सिकोत तेथे साधा ‘स’. स्वयंपाकघरात तर हा फरक जिवावर येणारा आहे. ‘तोर्तिया’ म्हणजे मेक्सिकोत मक्याची पातळ भाकरी, तर स्पेनमध्ये अंडी-बटाट्याचा जाड पोळा. ‘मांतेका’ म्हणजे अर्जेंटिनात लोणी, तर मेक्सिकोत डुकराची चरबी, आणि तेथे घोटलेला घेवडा परंपरेने तिच्यातच परततात. ‘कार्ने’ नको म्हटले तर पुष्कळ ठिकाणी कोंबडीचे मांस पानात येऊ शकते, कारण तो शब्द बोलताना बहुधा गुरा-डुकरांच्या मांसापुरता समजला जातो. ज्या घरात कंदमुळेही वर्ज्य आहेत त्या घराने शब्द कोणत्या देशाचा हे पाहूनच घेतला पाहिजे. तेव्हा लॅटिन अमेरिकेचे उच्चार देणारा अभ्यासक्रम, ही दुसरी अट ठरली.

तिसरा प्रश्न वेळेचा. येथे नातवाने एक आकडा पुढे ठेवला. अमेरिकेच्या त्याच संस्थेच्या अनुभवानुसार इंग्रजीभाषक अधिकाऱ्याला कामकाजापुरती स्पॅनिश येण्यास ६०० ते ७५० वर्गतास लागतात, आणि तेही दुसरे काही न करता. अक्कांना रोज अर्धा तास मिळणार होता, पहाटे अण्णा फिरायला जातात तेवढा. आठ महिने म्हणजे सुमारे २४० दिवस, म्हणजे १२० तास. सहाशेचा पाचवा हिस्सा. “एवढ्या भांडवलात दुकान होणार नाही, टपरी होईल,” अण्णा म्हणाले. त्यांच्या बोलण्यात थट्टा होती, पण हिशेब खरा होता. १२० तासांत स्पॅनिश येते असे सांगणारी जाहिरात आणि १२० तासांत काहीच येत नाही असे सांगणारा शहाणा, दोघेही त्या दिवशी निकालात निघाले. टपरीवर काय ठेवायचे ते ठरवणे तेवढे उरले. अक्कांनी वहीच्या दुसऱ्या पानावर मराठीत ४० वाक्ये लिहिली. ‘झोप झाली का?’ ‘गुडघा दुखतो का?’ ‘लहानपणी ती काय खायची?’ ‘तुमचे यजमान काय करत?’ कोणत्याही अभ्यासक्रमाने पुढेमागे आपल्याला या वाक्यांपर्यंत नेले पाहिजे. शेवटच्या दोन वाक्यांना भूतकाळ लागतो. तेव्हा भूतकाळ कितव्या धड्यात येतो, हेही पाहायचे ठरले.

मग वानगी. बहुतेक अभ्यासक्रमांचे पहिले काही धडे फुकट ऐकता येतात. अक्कांनी तीन निवडले आणि प्रत्येकाला चार-चार दिवस दिले. परीक्षा एकच : दुसऱ्या दिवशी सकाळी, काही न पाहता, काल शिकलेले किती तोंडातून निघते? हर्मान एबिंगहाऊस या जर्मन शास्त्रज्ञाने १८८५ मध्ये निरर्थक अक्षरे स्वतः पाठ करून विस्मरण मोजले होते. शिकल्यानंतरच्या पहिल्या तासांत आणि पहिल्या दिवसात विसर सर्वांत वेगाने पडतो, हे त्याने दाखवून दिले. धडा संपताच सर्व काही आल्यासारखे वाटते. ते वाटणे हिशेबात धरायचे नाही. रात्र उलटल्यावर गल्ल्यात उरते ती खरी शिल्लक.

एका ॲपवर चित्रे पाहून बोट लावता लावता ओळखीचे शब्द भराभर वाढले. पण सकाळी पडदा समोर नसताना त्यांतले थोडेच तोंडी आले. बोटाने ओळखणे आणि तोंडाने काढणे या दोन वेगळ्या शक्ती आहेत. विचार करायला लावणारा श्राव्य पाठ अक्कांना फार आवडला, पण त्यात एक अडचण निघाली. अशा पद्धती इंग्रजी शब्दांच्या पुलावरून स्पॅनिशमध्ये नेतात. ‘कॉन्व्हर्सेशन’चे ‘कोन्वेर्सासिओन’, ‘नॅचरल’चे ‘नातुराल’. ज्याची इंग्रजी जिभेवर आहे त्याच्या पदरी असे शेकडो शब्द पहिल्याच आठवड्यात पडतात. नातवाच्या बाबतीत तसेच झाले. अक्कांचे शिक्षण मराठीतून झालेले. त्यांना आधी इंग्रजी शब्द आठवावा लागे, मग तो वळवावा लागे. मैलाचा वळसाच पडे. अर्ध्या तासाच्या, अंतराअंतराने विचारणाऱ्या कानाच्या धड्यात मात्र इंग्रजी सूचना मोजक्या आणि त्याच त्या होत्या. चार दिवसांनी त्यातली दहा-बारा वाक्ये भाजी निवडतानाही आपोआप ओठांवर येऊ लागली. निवड झाली. धाकट्या मुलाने पहिला टप्पा घेऊन दिला.

नातवानेही आजीबरोबर शिकायला घेतले होते. त्याने एक सोडून दुसरा, दुसरा सोडून तिसरा असे दोन महिन्यांत पाच अभ्यासक्रम पाहिले. प्रत्येक ठिकाणी नमस्कार, नाव, गाव येथूनच आरंभ. पाच वेळा ‘होला’ शिकून तो ‘होला’पाशीच राहिला. बुद्धीत तो आजीच्या पुढे होता, पण खाते एका जागी राहू देत नव्हता.

निवडलेल्या धड्यांतही एक उणीव होतीच, आणि घरबसल्या शिकणाऱ्या मराठी माणसाने ती आधीच ओळखून ठेवावी. हे सारे अभ्यासक्रम इंग्रजीतून शिकवतात. त्यामुळे इंग्रजीभाषकाला जे अवघड वाटते ते अवघड म्हणून आणि जे सोपे वाटते ते सोपे म्हणून येते. मराठी माणसाचे अवघड-सोपे निराळे आहे. “मला आंबा आवडतो” हे स्पॅनिशमध्ये ‘मे गुस्ता एल मांगो’. आवडण्याचा कर्ता आंबा, आणि ‘मे’ म्हणजे ‘मला’. इंग्रजीभाषकाला ही रचना उलटी वाटते म्हणून तिच्यावर पानेच्या पाने खर्च होतात; मराठी माणसाला ती जन्मापासून येते. ‘मे द्वेले ला काबेसा’ म्हणजे “माझे डोके दुखते”. येथेही दुखणारे डोके कर्ता. क्रियापदाच्या शेवटावरून कर्ता कळतो म्हणून ‘मी’, ‘तू’ गाळता येतात, मराठीतल्या “येतो”, “येतेस”सारखे. नामाला लिंग असते ही गोष्ट इंग्रजीभाषकाला नवी, मराठीला जुनी. शिवाय मराठीत तीन लिंगे, तर स्पॅनिशमध्ये दोनच. ‘त’ आणि ‘द’ दातांवरचे, ‘प’ आणि ‘क’ श्वासाच्या फुंकरीवाचून, हे उच्चार शिकवायला इंग्रजीतल्या शिक्षकाला कष्ट पडतात. ते मराठी मुलाच्या बाराखडीत आहेत.

स्पॅनिशमध्ये जवळच्या माणसाला ‘तू’ म्हणतात, अगदी मराठीसारखेच. आदराने बोलताना ‘उस्तेद’. हा शब्द ‘आपली कृपा’ अशा अर्थाच्या जुन्या संबोधनातून झिजून आला आहे, म्हणून त्याचे क्रियापद तृतीय पुरुषी असते, “रावसाहेब काय घेणार?” असे समोरच्यालाच विचारावे तसे. इंग्रजीच्या एकाच शब्दात हा फरक दडून जातो. अक्कांनी पहिल्या दिवसापासून ठरवले, विहीणबाईंना ‘उस्तेद’, नातीला ‘तू’.

अवघड जे होते ते निराळेच. मराठीत एका ‘आहे’ने भागते, तेथे स्पॅनिशला दोन क्रियापदे लागतात, एक मूळच्या गुणासाठी आणि एक सध्याच्या अवस्थेसाठी. ‘एस बेर्दे’ म्हटले तर फळाचा रंग हिरवा; ‘एस्ता बेर्दे’ म्हटले तर ते अजून कच्चे. अण्णांना हा भेद ऐकताच पटला. “मालात हेच तर पाहायचं असतं, जातीचा रंग आहे की माल अजून तयार व्हायचा आहे.”

या सगळ्यासाठी अक्कांनी वहीत स्वतःचा अभ्यासक्रम लिहायला घेतला. धडा इंग्रजीतून ऐकायचा, पण नोंद देवनागरीत आणि अर्थ मराठीत. स्पॅनिशचे पाच स्वर आ, ए, इ, ओ, उ यांत नेमके बसतात, त्यामुळे हे काम सुकर होते. एकच गोष्ट देवनागरीत उतरेना. ‘हाब्लो’ या शब्दात जोर पहिल्या अक्षरावर दिला तर “मी बोलतो”. शेवटच्या अक्षरावर दिला तर “तो बोलला”. लिहिताना दोन्ही सारखेच. मग त्यांनी जोराच्या अक्षराखाली लाल रेघ ओढण्याची पद्धत पाडली. वहीत अशा रेघा वाढत गेल्या.

चौथ्या महिन्यात नातेवाइकांची नावे लिहिताना त्यांना एक शब्द सापडला. सासू म्हणजे ‘स्वेग्रा’, सून म्हणजे ‘न्वेरा’, जावई ‘येर्नो’, नात ‘न्येता’. आणि मुलाच्या किंवा मुलीच्या सासूला ‘कोन्स्वेग्रा’, जणू सह-सासू. म्हणजे चक्क विहीण! इंग्रजीत या नात्याला रोजच्या वापरातला शब्दच नाही, म्हणून इंग्रजीतून शिकवणाऱ्या धड्यात तो आलाच नव्हता. सुनेने फोनवर सांगितला. पुढच्या रविवारी अक्कांनी हात जोडून, “ब्वेनास नोचेस, कोन्स्वेग्रा” असे म्हटले. पलीकडे क्षणभर कोणीच बोलले नाही. मग विहीणबाईंनी तोंडावर हात ठेवला आणि त्या हसल्या. मुलाला त्या दिवशी भाषांतर करावे लागले नाही.

तेव्हापासून रविवारची पहिली दहा मिनिटे धड्याचा भाग झाली. ध्वनिमुद्रण उत्तर मागते, पण उत्तर चुकले तर त्याला कळत नाही. ते काम माणसाचे. धड्यातल्या पुरुषी आवाजाबरोबर अक्का ‘मी दमलो’ या अर्थी ‘कान्सादो’ म्हणू लागल्या होत्या. सुनेने पहिल्याच खेपेस ‘कान्सादा’ असे दुरुस्त केले. घरी कंदमुळे का चालत नाहीत, हे सांगायला “जमिनीखाली” हा एक शब्दप्रयोग पुरला : ‘देबाहो दे ला तिएर्रा’. विहीणबाईंनी थोडा विचार करून विचारले, “मग कुर्कुमा?” कुर्कुमा म्हणजे हळद. सबंध घराचा चरितार्थ जिच्यावर चालतो ती हळदही जमिनीखालीच वाढते. अक्का अडल्या, मग त्यांना वहीतले दोन शब्द आठवले : ‘पेरो सेका’, म्हणजे पण वाळलेली. अण्णा पलीकडच्या खोलीतून हसले. त्यांनी स्पॅनिश शिकायचे नाही असे जाहीर केले होते. पण ‘दोस, त्रेस, सिएते, न्वेवे’ हे द्वि, त्रि, सप्त, नव यांचेच दूरचे भाऊबंद आहेत हे कळल्यापासून ते पोत्यांची मोजणी मधूनच त्या आकड्यांत करू लागले होते.

सहाव्या महिन्यातला एक रविवार. विहीणबाई अंगणातल्या लिंबाच्या झाडाविषयी बोलत होत्या. मुलाने सवयीने सांगितले, “आई, त्या म्हणतात, यंदा लिंबं खूप लागली.” पण त्याच्या आधी अक्कांच्या कानावर दोन शब्द पडले होते. ‘मि एस्पोसो’, माझे पती. आणि ‘प्लांतो’, जोर शेवटच्या अक्षरावर. लावतो नव्हे, लावले. अक्कांनी थांबत थांबत विचारले, “झाड त्यांनी लावले? केव्हा?” विहीणबाईंनी सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगितले. मुलगी झाली त्या वर्षी. ते गेल्यालाही आता नऊ वर्षे झाली. अक्कांना सगळे समजले नाही, पण कोणाविषयी आणि कशाविषयी हे समजले. त्यांच्या सुनेला वडील नव्हते हे घरात सर्वांना माहीत होते. त्यांनी लावलेले झाड अंगणात आहे आणि त्याला यंदा फळे आली आहेत, हे आजवर कोणी सांगितले नव्हते. ती गोष्ट मुलाला महत्त्वाची वाटली नसेल, किंवा त्याला तिचे मराठी करायला अवघड गेले असेल.

त्या रात्री जेवताना अण्णांनी आपण होऊन विचारले, “विहीणबाई काय सांगत होत्या लिंबाचं?” लग्न झाल्यापासून त्या घराविषयी त्यांनी असा प्रश्न प्रथमच विचारला होता.

घरबसल्या भाषा शिकू पाहणाऱ्यांना या घराच्या अनुभवातून काही गोष्टी घेण्यासारख्या आहेत. अभ्यासक्रम विचारण्याआधी, बोलायचे कोणाशी हे लिहून काढावे. त्या माणसाच्या देशाची भाषा घ्यावी. रोजचा वेळ मोजावा आणि त्यात काय मावते ते प्रामाणिकपणे ठरवावे. वानगी घ्यावी, पण तिची पारख दुसऱ्या दिवशी सकाळी करावी. एकदा निवड झाली की निदान पहिला टप्पा संपेपर्यंत दुसऱ्या दुकानात डोकावू नये. इंग्रजीतून शिकावे लागले तरी वही मराठीत ठेवावी, कारण आपल्या भाषेने आधीच दिलेले पुष्कळ काही इंग्रजीच्या वाटेने गेल्यास दिसत नाही. आणि आठवड्यातून एकदा तरी चूक दाखवणारे जिवंत माणूस समोर असावे. घरात परक्या मुलखातली सून किंवा जावई असेल तर त्याच्याइतका चांगला शिक्षक नाही, आणि शिकवायला लावल्याने त्याचा मानही राहतो.

सांगलीच्या त्या घरी पाहुणे यायला आता सात आठवडे उरले आहेत. पहिल्या टप्प्याचे ३० धडे दोनदा होऊन दुसरा टप्पा चालू आहे. चाळीस वाक्यांपैकी २७ अक्कांना न पाहता म्हणता येतात. ‘तुमचे यजमान काय करत?’ या वाक्यापुढे त्यांनी खूण केली आहे. ते फोनवर विचारायचे नाही, समोर बसून विचारायचे आहे.